दर दोन तासांनी

रात्रीचे पावणेनऊ. आयसीयूत ओव्हर चालू आहे. संध्याकाळच्या पाळीची सिस्टर चार नंबरच्या पायथ्याशी उभी राहून एका दमात सांगतेय आणि फलटणच्या सिस्टर चार्टवर नजर ठेवून ऐकतायत. "एक्क्याऐंशी वर्षं. सीओपीडी, न्यूमोनिया, सेप्सिस. व्हेंटवर बारावा दिवस. नॉरअ‍ॅड चालू आहे, दुपारी वाढवलंय. युरीन तासाला दहा-पंधरा. काल डायलिसिस झालं, उद्या परत आहे. ट्रॅकिओस्टॉमीला घरच्यांची सही नाही. माकडहाडावर बेडसोअर, ग्रेड तीन. हात बांधलेत, सकाळी ट्यूब ओढायला गेले होते. आणि सकाळी बुक्का."

मी इथली स्टाफ नाही. नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुलींची नाईट पोस्टिंग लागली की त्यांच्याबरोबर येते. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही, माणसांचीही नाही. इथं सिस्टरांना त्यांच्या गावावरून ओळखायची पद्धत आहे, तीच पुरेल.

बारा खाटा, बाराही भरलेल्या. सात पेशंट व्हेंटिलेटरवर. ड्युटीलिस्टवर पाच नावं आहेत, पण एकीचा साडेसातला फोन आलाय, ताप आहे. फलटणच्या सिस्टर सुपरव्हायझर मॅडमना फोन लावतात, दोन मिनिटं ऐकतात, ठेवतात आणि माझ्या मुलींकडे बघतात. "स्टुडंट आहेत ना आज तुमच्याकडे, असं म्हणाल्या." मुली शिकायला आल्यात, औषध भरायचं असलं तरी त्यांच्या शेजारी कुणीतरी उभं राहावं लागतं. तरी आजच्या हिशेबात त्या धरल्या गेल्या. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक परिचारिका, हे प्रमाण मी वर्गात फळ्यावर लिहिते. इथं चौघांत बारा वाटले जातात: फलटणच्या सिस्टरांकडे तीन, चार आणि पाच, कोट्टायमच्या सिस्टरकडे एक, दोन आणि सहा, गंगाखेडच्या ब्रदरकडे सात ते नऊ, आणि नोकरीला जेमतेम वर्ष झालेल्या गडहिंग्लजच्या मुलीकडे दहा ते बारा.

दहाला वळवण्याची पहिली फेरी. पहिल्या वर्षाला आम्ही जी कामं सर्वांत आधी शिकवतो, त्यातलं हे एक. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. एकाच जागी दाब राहिला की हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये चेपलेल्या कातडीचं रक्त थांबतं. ती आधी लाल होते, मग काळसर, मग उघडते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात असं बजावून ठेवलं आहे, की बेडसोअर झाला तर दोष बहुतेक वेळा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. तेव्हापासून जगभरच्या परिचारिका ही जखम स्वतःच्या अंगावर घेत आल्या आहेत.

चार नंबरच्या आजोबांच्या एका बाजूला फलटणच्या सिस्टर, दुसऱ्या बाजूला मी. एका विद्यार्थिनीला त्या डोक्याशी उभं करतात. "तू फक्त ट्यूब धर. बावीसवर फिक्स आहे, ओठापाशी आकडा बघत राहा. काही झालं तरी हात सोडायचा नाही." मग वाकून, नेहमीच्या आवाजात, "माऊली, वळवतोय हं. डाव्या कुशीवर." ड्रॉशीटच्या कडा गुंडाळून मुठीत घेतो. एक, दोन, तीन. आजोबांच्या अंगावर मांस राहिलेलं नाही, पण सैल पडलेलं शरीर फार जड लागतं. वळताना खोकला येतो. ट्यूब स्वरयंत्रातून गेलेली असल्यामुळे आवाज फुटत नाही. फक्त चेहरा लाल होतो, मानेच्या शिरा तटतटतात आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानात उतरतं. व्हेंटिलेटर ओरडतो. सक्शन होतं. ड्रेसिंग उघडल्यावर वास येतो आणि ट्यूब धरलेल्या मुलीचा श्वास अडकतो, हात मात्र जागचा हलत नाही. मुठीएवढी जखम आहे. ती धुऊन, भरून, नवीन ड्रेसिंग. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला टेकणार नाहीत अशा. शेवटी सिस्टर उशाखालची प्लास्टिकची झिप पिशवी जागेवर आहे ना ते चाचपतात. त्यात तुळशीची माळ आहे आणि पंढरपूरच्या बुक्क्याची पुडी. मानेत सेंट्रल लाईन असल्यामुळे गळ्यात माळ ठेवता येत नाही. कॅज्युअल्टीत ती कात्रीनं कापायला निघाले होते. सिस्टरांनी कात्री बाजूला करून गाठ नखानं सोडवली. रोज सकाळी स्पंजिंगनंतर कपाळाला बुक्क्याचं बोट लावायचं, असं सुनेनं सांगितलंय. तेव्हापासून ते ओव्हरमध्ये नॉरअ‍ॅडबरोबर सांगितलं जातं.

मी घड्याळ बघते. सहा मिनिटं गेली. बारांपैकी नऊ जण स्वतःहून वळू शकत नाहीत. नऊ सक चोपन्न. म्हणजे चौघांतल्या दोघांनी रात्रभर दर दोन तासांतला जवळजवळ एक तास फक्त वळवण्यात घालवायचा. राहिलेल्या वेळात तासातासाचे बीपी आणि युरीन, शुगर, अँटिबायोटिक, रायल्स ट्यूबचे फीड, सक्शन, तोंडाची निगा, लॅबला सँपल, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. यात कुणी बिघडलं नाही तर. कामचुकारपणा, आस्था, सेवाभाव हे शब्द नंतर येतात. आधी ही बेरीज येते.

सव्वाअकराला आजोबांची सून दारातून फोन पुढे करते. मस्कतहून मुलाचा व्हिडिओ कॉल आहे. सिस्टर फोन हातात घेतात, आणि कॅमेरा वळवण्याआधी चादर वर ओढून आजोबांच्या बांधलेल्या मनगटांवर घालतात.

"आबा! ओ आबा, डोळं उघडा. मी हाय बघा." पापण्या हलतात. "सिस्टर, ऐकू जातंय ना त्यांना?"

"जातंय. बोला तुम्ही."

"सुधारणा हाय ना?"

"ते डॉक्टर सांगतील. सकाळी राउंडच्या वेळेला फोन करा."

"पैशाचं बघू नका म्हणावं. काय लागंल ते करा. समदं करा."

फोन परत देऊन झाल्यावर सिस्टर चादर खाली करतात. मी न विचारताच बोलतात. "तिकडं एका खोलीत पाच-सहा जण राहत असणार. बापाचे बांधलेले हात बघून त्यानं झोपायचं कसं?" थोड्या वेळानं: "पण आजोबांच्या बाजूनं बघितलं, तर मी लपवलंच की."

पेशंट कसा आहे, यावर परिचारिकेनं बोलायचं नाही, डॉक्टरांकडे बोट दाखवायचं, हा इथला शिरस्ता. तो एका अर्थानं योग्य आहे. दोन तोंडांनी दोन गोष्टी सांगितल्या तर घरचे वेडे होतील. पण ज्या बाईचे हात रोज आठ-आठ, बारा-बारा तास त्या शरीरावर असतात, तिला दिसत असतंच. आणि या आजोबांच्या बाबतीत तिला दिसतंय त्यापेक्षा जास्त माहीत आहे. दाखल झाले त्या रात्री आजोबा मास्कवर होते, शुद्धीत होते. तीन वाजता त्यांनी मास्क बाजूला करून फलटणच्या सिस्टरांना सांगितलं होतं, की बाई, नळ्या घालू नका, माझं सगळं झालंय, मला घरी न्या. सिस्टरांनी ते वेळ घालून नर्सेस नोट्समध्ये उतरवलं. सकाळी साडेनऊला श्वास फारच लागला, डॉक्टरांनी मस्कतला फोन केला, मुलगा घाबरून म्हणाला करा, आणि ट्यूब पडली. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

"नर्सेस नोट्स वाचतं कोण, मॅडम?" सिस्टर म्हणतात आणि पाच नंबरकडे जातात.

एकला पॅन्ट्रीत डबे उघडतात, तेही दोघादोघांनी. गडहिंग्लजची मुलगी भाकरीचा तुकडा हातात धरून मोबाईलवर जर्मन शब्द पाठ करतेय. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून माझ्या वर्गातल्याही निम्म्या मुली याच चर्चेत असतात. तिला जर्मनच्या बी २ पातळीपर्यंत पोहोचायचंय. "तिकडं पण म्हातारेच सांभाळायचे असणार," ब्रदर म्हणतो. "पण एका वेळेला किती, ते लिहून देतात," ती म्हणते.

ब्रदर कंत्राटावर आहे, हातात अठरा हजार येतात. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला लावली. त्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातसुद्धा वीस हजारांच्या खाली पगार नको, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकाच हवा, अशी शिफारस केली. ब्रदरला ती आकड्यांसकट पाठ आहे. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीपर्यंत ती पोहोचलेली नाही.

फलटणच्या सिस्टर उभ्यानंच चहा पितात. बसलं की उठवत नाही म्हणतात. नोकरीला वीस वर्षं होऊन गेलीत. "परवा घरी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या," त्या सांगतात. "मी आधी नाडी बघितली, मग बाहुल्या बघितल्या, मग रिक्षा बोलवायला सांगितलं. डोक्याला चार टाके पडले. रात्री पोरगी मला म्हणते, आई, तू घाबरलीसुद्धा नाहीस. आजी होती ना ती?" कप धुता धुता पाठमोऱ्या: "तेव्हापासून तेच डोक्यात आहे."

हे मी शिकवते. क्रिस्टिना मास्लाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात तीन गोष्टी येतात: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल आलेली अलिप्तता, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. परीक्षेला हा प्रश्न येतो आणि मुली तिन्ही मुद्दे नीट लिहितात. पण अलिप्तता ही इथं पहिल्यांदा संरक्षण म्हणून येते, हे उत्तरपत्रिकेत येत नाही. पेशंटला 'चार नंबर' म्हणणं हा दगडी काळजाचा पुरावा नव्हे. रात्रभर आजोबा आजोबा म्हणत राहिलं तर सातव्या महिन्यात नोकरी सोडावी लागेल. अडचण एवढीच की ही अलिप्तता गेटवर पंच करताना काढून ठेवता येत नाही. ती घरी येते.

एक पन्नास. दहा नंबर. चोवीस वर्षांचा मुलगा, कीटकनाशकाची विषबाधा, तिसरा दिवस. आजच्या बारांमध्ये हा असा आहे, की हे चार-सहा दिवस निभावले तर स्वतःच्या पायांनी घरी जाईल. त्याला अ‍ॅट्रोपिन चालू आहे. थोड्या थोड्या वेळानं बाहुल्या, नाडी, छातीतला आवाज बघत राहावं लागतं. अ‍ॅट्रोपिननं स्राव आटतात, आणि आटताना घट्टही होतात. मॉनिटरवर सॅच्युरेशन शहाण्णववरून अठ्ठ्याऐंशी. गडहिंग्लजची मुलगी सक्शन कॅथेटर घालते. तो आत जातच नाही. चौऱ्याहत्तर. "सिस्टर! ट्यूब ब्लॉक!"

पुढचं वर्णन लांबवत नाही. आरएमओ धावत येतो. ट्यूब काढतात, मास्क आणि बॅगनं श्वास देतात, नाडी अडतीसवर येते आणि मग मॉनिटरवर सरळ रेघ. ब्रदर स्टुलावर चढून छाती दाबायला लागतो, कोट्टायमची सिस्टर मोठ्यानं आकडे मोजतेय, फलटणच्या सिस्टर अ‍ॅड्रिनलीन भरून देतायत. माझ्या मुलींपैकी एक वेळ लिहितेय, दुसरी क्रॅश कार्टपाशी. दोन मिनिटांनी हात बदलतात. दुसऱ्या फेरीच्या शेवटी नाडी हाताला लागते. नवी ट्यूब बसते. काढलेली ट्यूब ट्रेमध्ये पडलीय, तिच्या तोंडाशी पिवळसर, रबरासारखा घट्ट बोळा.

तीनला दहा मिनिटं कमी आहेत तेव्हा सॅच्युरेशन पंच्याण्णव असतं.

"एकच्या सक्शनला कुठं होतीस?" फलटणच्या सिस्टर विचारतात. आवाज चढवलेला नाही.

"बारा नंबरला. त्यांना जुलाब झाले होते. एकटीच साफ करत होते, मग डबा खायला पाठवलं तुम्ही."

सिस्टर मान हलवतात. बारा नंबरच्या बाई तशाच घाणीत अर्धा तास पडून राहिल्या असत्या, तर तेही चुकलंच असतं. मुलीचे हात थरथरतायत. तिला पाणी प्यायला सांगेपर्यंत ती अकरा नंबरला गेलेली असते, कारण तिथला सिरिंज पंप मघापासून वाजतोय.

आणि या तासाभरात दोनची फेरी झाली नाही. नऊच्या नऊ जण बारा वाजता ज्या कुशीवर होते त्याच कुशीवर आहेत.

चारला, सगळ्यांना वळवून झाल्यावर, चार्ट भरायची वेळ येते. निगेच्या तक्त्यात दर दोन तासांचा एक चौकोन असतो. दहा, बारा, दोन, चार. गडहिंग्लजची मुलगी पेन घेऊन थांबलीय.

"टिक कर ना," ब्रदर म्हणतो. "ऑडिटला कोरा चौकोन दिसला की मेमो. आणि उद्या काही झालं तर कागद आपल्यावरच येणार. नगरला काय झालं, माहितीय ना?"

माहीत आहे सगळ्यांना. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, किमान अकरा रुग्ण दगावले, आणि काही दिवसांत ज्यांना अटक झाली त्यांत एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तिघी परिचारिका होत्या. त्या बातमीनंतर आयसीयूत काम करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेनं आपला चार्ट पुन्हा एकदा वाचला असेल.

फलटणच्या सिस्टर मुलीच्या हातातून पेन घेत नाहीत. "जे केलं नाही ते केलं म्हणून लिहायचं नाही," एवढंच म्हणतात. "काय झालं ते लिही." मग त्या सांगतात आणि मुलगी लिहिते: रात्री २ वाजता स्थिती बदलली नाही. दहा नंबरला इमर्जन्सी. ड्युटीवर चार स्टाफ, पेशंट बारा. नऊ चार्टवर तेच वाक्य नऊ वेळा. खाली चौघांच्या सह्या.

मला वर्गात 'व्यावसायिक नीतिमत्ता' या धड्याला दोन तास मिळतात. नाइटिंगेल शपथ, भारतीय परिचर्या परिषदेची आचारसंहिता, रुग्णाचे हक्क, गोपनीयता. अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाच्या १९८४ च्या पुस्तकाचाही उल्लेख करते. योग्य काय ते कळतं, पण संस्थेच्या रचनेमुळे ते करता येत नाही, या अवस्थेला त्यानं 'मॉरल डिस्ट्रेस' हे नाव दिलं, आणि ते परिचारिकांबद्दल लिहिताना दिलं. धड्याच्या शेवटी मी अरुणा शानभाग यांच्याबद्दल बोलते. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांच्या दयामरणाच्या अर्जावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात डॉक्टरांचा अहवाल आहे. १९७३ पासून अंथरुणाला खिळलेल्या या बाईंना एकही बेडसोअर झालेला नाही, हे त्यात शुश्रूषेची साक्ष म्हणून नोंदलेलं आहे. त्या अर्जाला परिचारिकांचा विरोध होता. मुलींना वाटतं, नीतिमत्ता म्हणजे हे: कधीच न थकणं. मला आता वाटतं, हा धडा मी अर्धाच शिकवत आलेय. अरुणाताईंना वळवायला पिढ्यान्‌पिढ्या हात होते. इथं ज्या हातांवर नीतिमत्तेचा भार टाकलाय, ते हात मोजायला कुणी तयार नाही.

सहाला स्पंजिंग. आजोबांच्या कपाळाला बुक्का लागतो. मनगटांच्या पट्ट्या सोडून कातडी बघतात, पाच मिनिटं सिस्टर स्वतः त्यांचे दोन्ही हात हातांत धरून बसतात, मग पुन्हा बांधतात.

साडेसातला सुपरव्हायझर मॅडम येतात आणि चौथ्या मिनिटाला चार्टपाशी असतात. "हे काय लिहिलंय? चार स्टाफ, पेशंट बारा, हे पेशंटच्या फाईलमध्ये लिहायची गोष्ट आहे का? पान बदला."

"झालेली नोंद बदलता येत नाही, मॅडम," फलटणच्या सिस्टर म्हणतात. "तुम्हीच शिकवलंय." मॅडम माझ्याकडे बघतात. मी सांगते, की चारच स्टाफ होते, विद्यार्थिनी स्टाफमध्ये मोजायच्या नाहीत, आणि हे मी आज प्राचार्यांना लेखी देणार आहे. मॅडमही कधीकाळी इथंच रात्रपाळ्या करत होत्या. त्या काही बोलत नाहीत, फाईल मिटवतात. पान तसंच राहतं.

आठला राउंड. इंटेन्सिव्हिस्ट डॉक्टरांचे डोळेही लाल आहेत; कालची रात्र त्यांनी दुसऱ्या रुग्णालयात काढलीय. चार नंबरपाशी आकडे सांगून झाल्यावर ते म्हणतात, "डायलिसिस चालू ठेवा. ट्रॅकिओस्टॉमीचं घरच्यांना परत विचारा." सगळे पाच नंबरकडे वळतात. फलटणच्या सिस्टर जागच्या हलत नाहीत. फाईलचं मागचं पान काढून मोठ्यानं वाचतात. तारीख, वेळ रात्री तीन, आणि आजोबांचं ते वाक्य, बोलले तसंच्या तसं.

डॉक्टर परत येतात. फाईल हातात घेऊन स्वतः वाचतात. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"लिहिलं होतं, सर."

डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. "अकराला सुनेला बसवा. मुलाला फोनवर घ्या. सिस्टर, तुम्ही थांबाल?" सिस्टरांची ड्युटी संपलीय. त्या हो म्हणतात.

काय ठरेल ते मला माहीत नाही. मुलगा तरीही सगळं करा म्हणेल, कदाचित. कायद्यानं वाट आहे: सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची प्रक्रिया सोपी केली. उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ यांचं दुसरं मंडळ, आणि प्रत्येकानं शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. दोन्ही मंडळांत सगळे डॉक्टर आहेत. रात्री तीन वाजता ज्या बाईनं पेशंटचं म्हणणं ऐकलं, तिला कुठंही खुर्ची ठेवलेली नाही. ती ठेवायला हवी. आणि आयसीयूच्या दारावर बेड किती ते लिहितात, तसं या पाळीला परिचारिका किती, हेही रोज लिहायला हवं. परवाना देताना, तपासणी करताना सरकारनं आधी ही पाटी वाचावी.

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. तुमचं माणूस आत असेल, तर बिलाची चौकशी करता तशी रोज ही करा: आज या पाळीला सिस्टर किती आणि त्यांच्याकडे पेशंट किती? सिस्टरवर आवाज चढवू नका, हा प्रश्न ऑफिसात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी मागा. दुसरी गोष्ट, धडधाकट आहात तोवरच करायची आहे. शेवटच्या आजारात नळ्या, व्हेंटिलेटर, डायलिसिस हवं की नको, ते कागदावर लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर त्यावर सही करा. एक प्रत घरात ठेवा, आणि जो मुलगा किंवा जी मुलगी लांब राहते त्यांना ती फोनवर वाचून दाखवा.